मंठ्याचा पाळक मठात

मठ, घनसावंगीजवळ
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

प्रिय भुजंगा,
सलाम.

पोचलो. घनसावंगीला बसमधून उतरलो आणि पुढं जीपमध्ये दोन बाया आणि एक बोकड यांच्या मधोमध बसून मठाच्या फाट्यापर्यंत आलो. बोकडही मठातच यायचा होता, हे उतरताना कळलं.

तुला सांगून निघालो होतो की आठवडाभर गप्प बसायला चाललोय. इथल्या मोठ्या फादरांनी कळवलं होतं, या, शांतता आहे, झाडं आहेत, कोणी काही विचारणार नाही. त्यातलं झाडांचं तेवढं खरं निघालं. फाटकातून आत पाय टाकला तर मांडवाचे खांब रोवणं चाललेलं, चुलाण्यासाठी चर खणणं चाललेलं, आणि एक जण माइकात फुंकर मारून "हॅलो, हॅलो" करतोय. मोठे फादर धावत आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "पाळकसाहेब, माफ करा. तुम्हाला तारीख दिली तेव्हा गुरुदीक्षेचा आठवडा माझ्या ध्यानातच राहिला नाही." येत्या शनिवारी इथल्या एका ब्रदरला फादर करणार आहेत. बिशपस्वामी येणार, गावोगावचे लोक येणार, मोठी जेवणावळ. "राहता की पुढच्या महिन्यात येता?" म्हणाले. मी म्हटलं, राहतो. परत कुठं जाऊ, भुजंगा? घरात शेवंताचा चष्मा अजून खिडकीत आहे.

फोन इथं ऑफिसात ठेवून घेतात. तुला त्याचं काय म्हणा, तुझ्या कानाला फोन लावणं म्हणजे भिंतीला लावणं. म्हणून ही चिठ्ठी. मांडव आपल्या मंठ्याच्या रखमाजीचा आहे, त्याचा टेम्पो रोज येतो-जातो. उत्तर त्याच्याच हाती दे.

चर्चच्या मंडळीला मी आरामाला चाललो असं सांगितलंय. खरं काय ते तुला आणि कमिटीलाच ठाऊक. तरी लिहितो, लिहिलं की माझं मलाच नीट दिसतं. पस्तीस वर्षं रविवारी शेवंतानं गीत उचलायचं आणि ते संपलं की मी प्रार्थनेला उभं राहायचं, असं चाललं. ती गेल्यावर काही महिने सवयीवर रेटलं. डिसेंबरातल्या त्या रविवारी केशरबाईंच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करत होतो आणि मधेच सगळं बंद पडलं. विहिरीत बादली सोडावी आणि वर नुसता दोर यावा, तसं. भागवत मागच्या बाकावरून काय म्हणाला ते तुला ऐकू आलं नसेल. म्हणाला, "पाळकसाहेबांचं नेट गेलं." पोरं हसली. मीही हसलो. पण ते परत आलं नाही. नाताळची उपासना भागवतनंच पुस्तकातून वाचून काढली.

आता कमिटीला शब्द दिलाय. एकोणीस तारखेच्या रविवारी उभा राहीन. जमलं नाही तर पाळकी सोडीन आणि मंडळीच्या घराची किल्ली देऊन टाकीन. ज्याच्या तोंडून प्रार्थना निघत नाही त्यानं पाळक म्हणवून घेऊ नये, असं मला वाटतं.

इथं पाहुण्यालाही काम देतात. मला भांडी दिली. जोडीला तोच ब्रदर, ज्याला फादर करणार. नाव कारभारी. तिशीचा, उंच, आपल्या मंठ्याकडल्याच एका खेड्याचा. दीक्षेआधी त्याचंही मौन चालू आहे, म्हणून बोलत नाही. पण बघतही नाही. मी घासलेली कढई उचलतो आणि माझ्यादेखत पुन्हा घासतो. मला जरा गर्विष्ठ वाटला.

तुझा,
साहेबराव


मंठा
बुधवार, ८ जानेवारी

साहेब्या,
जयभीम.

रखमाजी दुकानात आला आन मशीनवर तुझी चिठ्ठी ठेवून कानात वरडला, "पाळकाची हाय." समोरच्या हाटेलातल्या माणसांनी बी ऐकलं. आता समद्या मंठ्याला ठाऊक झालंय की तू मला लिहून राह्यला.

दीक्षा म्हणलं की आमच्या घरात एकच. मायच्या कडेवर बसून मी ती घेतली, म्हणून मला त्यातलं फक्त मायचं नवं पांढरं लुगडं आठवतं, तेबी लोकांनी सांगून सांगून. पण गप्प बसण्याचं मला सांगू नको. मी श्रामणेर शिबिराला गेल्तो तेव्हा तिसऱ्या दिवशी डोळे मिटले की भजी दिसायची. भंतेजींना सांगितलं तर म्हणले, भजी दिसून राह्यली तर भजी बघा, पळू नका. तू बी तसंच कर. वहिनी दिसून राह्यली तर वहिनी बघ.

बाकी इथं समदं ठीक हाय. तुझ्या तुळशीला पाणी घालतो. तुमच्यात तुळस ठेवत न्हाईत म्हणून भागवत वहिनीला टोचायचा, आन वहिनी म्हणायची, खोकल्याला लागती रे बाबा, खोकला काय मंडळी बघून येतो का. केशरबाई पोरीकडं केदारखेड्याला गेलीय हवापालटाला. मजेत हाय.

एक गोष्ट तुला कधी बोललो न्हाई. माझे कान गेल्यावर बी मी रविवारी तुमच्या बाकावर येऊन बसतो, त्यावरून आमचे लोक मला हसतात आन तुमचे लोक वाट बघतात की हा कधी पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतो. मी कशाला येतो? वहिनीनं एकदा माझा हात धरून पेटीच्या फळीवर ठेवला. म्हणली, भाऊजी, इथून ऐका. तवापासून दर रविवारी मी पेटीला हात लावून गाणं ऐकायचो. आता पेटी बंद हाय. तुझी एकट्याचीच बोलती बंद झाली असं समजू नको.

तुझ्या पिशवीत तळाला पांढरा झगा ठेवलाय, इस्त्री करून. मोठ्या लोकांत चाललास, घाल. फोटोत बघून बराबर त्यांच्या फादरासारखी गळ्यापासून खालवर बटनं लावल्ती, त्याचं आजवर कुणी कौतुक केलं न्हाई.

त्या कारभारीला गर्विष्ठ म्हणू नको. कढई चिकट राह्यली असंल.

तुझा,
भुजंग टेलर


मठ
गुरुवार, ९ जानेवारी

भुजंगा,
सलाम.

आज थोडंच लिहितो. रखमाजी खाली हॉर्न वाजवतोय.

वहिनी बघ म्हणालास. बघतो. दिसते. पण बोलायला तोंड उघडावं तर काही नाही. इथले ब्रदर दिवसातून कितीदा तरी घंटा वाजली की जमतात, स्तोत्रं म्हणतात. आमच्याच बायबलातली, माझी पाठ असलेली. मी ओठ हलवतो. मंडळीपुढं येत नाही ते एकांतात तरी येईल, या आशेवर इथं आलो होतो. ते एकांतातही येत नाही, हे इथं येऊन पक्कं झालं. कमिटीला एकोणीसपर्यंत कशाला ताटकळत ठेवावं, सोमवारी आल्याबरोबरच किल्ली द्यावी, असं मनात येतंय.

कारभारीबद्दल माझी चूक झाली. आज त्याच्या हातून थाळा निसटला आणि फरशीभर गरगर फिरला. तो उचलायला वाकला तेव्हा त्याचे हात दिसले. लटलटत होते. कढई तो माझ्यासाठी घासत नव्हता, हातांना काम असावं म्हणून घासत होता. मी माझ्या हातातली परात आपणहून त्याच्याकडं सरकवली. त्यानं तीही दोनदा घासली.

साहेबराव


मंठा
शुक्रवार, १० जानेवारी

साहेब्या,
जयभीम.

नातसून प्रियदर्शनीनं तिळाचे लाडू केलेत, ते पाठवले. संक्रांत पुढं हाय, पण ती म्हणली, पाळकबाबा तवर उपाशी मरतील. तिला सांगितलं, तिथं बोकड गेलाय, उपाशी कशाचा मरतो. तरी दिले.

किल्लीचं जल्दी करू नको. सोमवारी तू आला की दोघं बसू, मंग काय ते ठरव. न्हाई तर सोमवारच्या आधी निघता येतं का बघ. न्हाई, तसं काही न्हाई. सावकाश ये. दीक्षा बघून ये. सोमवारीच ये.

भागवत रोज दुकानात येऊन राह्यला. काही बोलत न्हाई, बसतो, चहा पितो, जातो. वहिनी असती तर त्याला विचारलं असतं, काय रे, तुझं बी नेट गेलं का?

भुजंग


मठ
शनिवार, ११ जानेवारी, संध्याकाळ

प्रिय भुजंगा,
सलाम.

लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बस.

हे सगळं तुझ्या बटनांमुळं झालं. काल दुपारी मांडवात तालीम होती. मोठे फादर म्हणाले, उद्या मिरवणुकीत पाहुणे पाळक म्हणून तुमच्या झग्यात चला. म्हणून काल घालून पाहिला. तालीम चालू असतानाच ऊन लागायला लागलं म्हणून बाहेर पडलो. चिंचेखाली रखमाजीची एक खुर्ची रिकामी होती, बसलो आणि डोळे मिटले.

आता इथली रीत ऐक. मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी लोक पापकबुलीला येतात. बाहेरून आलेले फादर मिळेल त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतात आणि लोक एकेका झाडापुढं रांग लावतात. लिंबाखाली एक, विहिरीपाशी एक. मला हे ठाऊक नव्हतं. पांढरा झगा, गळ्यापासून पायापर्यंत बटनं, झाड आणि खुर्ची. डोळे उघडले तर माझ्यापुढं रांग. टोपी हातात धरलेला एक म्हातारा, चार-पाच बाया, आणि सगळ्यांत पुढं एक बाई डोक्यावर पदर घेऊन खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसलेली.

मी म्हटलं, "बाई, उठा. मी तुमचा फादर नाही."

"कुठल्याबी गावचे असा."

"तसं नाही हो. मी मंठ्याचा पाळक. दुसऱ्या मंडळीचा. मला कबुली ऐकता येत नाही. आमच्यात लग्न करतात, मला बायको होती."

तिनं मान वर केली. "होती म्हंजी?"

"श्रावणात गेली."

ती मागं वळून म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, तुम्ही लिंबाखाली जा. हे ते न्हाईत." सगळी रांग उठून लिंबाकडं गेली. जाताना म्हातारा माझ्या बटनांकडं बघत "मंग घालायचं कशाला" असं काहीतरी म्हणाला. ती बाई मात्र हलली नाही.

"मला पाप सांगायचं न्हाई," म्हणाली. "फादरला सांगितलं तर ते म्हणतील हे पाप न्हाई, पुढं बोला. मंग मी हे कुणाला सांगू? मी झुंबरबाई. कारभारीची माय."

तिनं जे सांगितलं ते तुला लिहू का म्हणून आज मी तिला विचारलं. म्हणाली, "लिव्हा की. चोरी थोडीच केली."

दीक्षेत एक वेळ अशी येते की उमेदवारानं वेदीपुढं फरशीवर पालथं पडायचं. पांढऱ्या वस्त्रात, तोंड खाली, अंग सगळं टाकून. मग सगळी सभा एकेका संताचं नाव घेऊन विनंती करते आणि तोवर त्यानं हलायचं नाही. काल तालमीत झुंबरबाईनं ते पहिल्यांदा पाहिलं आणि मांडवातून उठून आली.

"याचा बाप असाच पडल्ता," म्हणाली. "कापूस वेचून राह्यलो होतो. वीज पडली. मी पळत गेले तर पालथा. पांढरं बनियन. मी उलथवून पाह्यला." पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. "मला उद्या राहवणार न्हाई, पाळक. मी उठून जाईन आन पोराला उलथवीन. समद्या लोकांत, बिशपापुढं. पोराचं हसं हुईल. पोरगं आधीच घाबरून राह्यलंय, मला दिसतं ना. तुम्ही परार्थना करा, की माझा पाय जागचा हलू नये."

मी हात जोडले. डोळे मिटले. भुजंगा, बाई पायाशी बसलेली, तिचं मागणं इतकं साधं, आणि माझ्या तोंडात एक शब्द नाही. चिंचेवर खार किरकिर करत होती ती ऐकत बसलो. शेवटी सांगितलं, "बाई, मला येत नाही. बायको गेल्यापासून बंद झालंय."

"पाळक असून?"

"पाळक असून."

मला वाटलं, आता उठेल. ती म्हणाली, "मंग मी म्हणते. तुम्ही आमेन म्हणा." आणि लगेच सुरू केलं, शेजारणीला हाक मारावी तसं. "देवा, या पाळकाची मालकीण गेली. याचं तोंड बंद झालंय. तू बघून घे. आन उद्या याला माझ्यापाशी बसव, म्हंजी मी उठले तर हा धरंल."

मी आमेन म्हटलं. ते मात्र आलं.

आज सकाळी तिनं मोठ्या फादरांना गाठून सांगितलं की हे पाळक माझ्या शेजारी बसतील. फादर बुचकळ्यात पडले, पण उमेदवाराच्या आईला आजच्या दिवशी नाही कोण म्हणणार. पहिल्या रांगेत ती आणि मी. मांडव खचाखच भरलेला. हलगी वाजवत बिशपस्वामींना आणलं. कारभारीचं नाव पुकारलं, तो उठून "हजर आहे" म्हणाला तेव्हा आवाज फाटला त्याचा.

मग तो पालथा पडला. पेटी सुरू झाली, दोन सिस्टर नावं घ्यायला लागल्या आणि सगळा मांडव प्रत्येक नावाला म्हणायला लागला, "आमच्यासाठी विनंती कर." मला ते म्हणता येईना. आमच्या मंडळीत आम्ही संतांना विनवत नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा हजार माणसं बोलतायत आणि मी एकटा गप्प. झुंबरबाईकडं बघितलं तर तीही गप्प. डोळे फरशीवर. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. चौथ्या की पाचव्या नावाला ती अर्धी उठली.

मी तिचं मनगट धरलं. आणि तिच्या कानाशी बोललो, कारण त्या गजरात दुसरं काही ऐकूच येणार नव्हतं. म्हटलं, "पाठ बघा, बाई. पाठ हलतीय त्याची. श्वास घेतोय." ती तशीच अर्धवट उभी. मी म्हटलं, "बघा, आत घेतला. आता सोडला. जिवंत आहे तो. हा त्याच्या बापासारखा पडला नाही, हा आपणहून पडलाय, आता आपणहून उठणार आहे. बापा, हे लेकरू उठणार आहे, त्याला उठव. याच्या हातांचं कापणं थांबव. या मायनं एकदा उलथवून पाहिलंय, तिला आज पुन्हा ते पाहायला लावू नको. तिला बसव, बापा, तिच्या पायांना बळ दे. जो गेला त्याला तू ओळखतोस, त्याला सांभाळ. माझी गेली तिलाही."

मी कधी झुंबरबाईशी बोलायचं थांबलो आणि कधी देवाशी बोलायला लागलो, ते मला कळलं नाही. ती हळूच खाली बसली. मी बोलतच होतो. नावं संपली, पेटी थांबली, तरी मी आपला बोलतोय. पुढच्या एका सिस्टरनं मागं वळून बघितलं तेव्हा गप्प बसलो.

कारभारी उठला. झुंबरबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हात सोडा आता, लोक बघून राह्यले."

नंतर सगळे फादर रांगेनं जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवत होते. ती माझी रांग नव्हती. प्रसादालाही मी उठलो नाही. पण मला परकं वाटलं नाही, हे तुला खरं सांगतो.

जेवणं झाल्यावर नवे फादर भांड्यांच्या ढिगापाशी मला शोधत आले. मौन सुटलेलं. लोक त्यांचे हात डोळ्यांना लावत होते, हातांना दीक्षेत लावलेल्या तेलाचा वास होता. मला वाटलं आता काही मोठं बोलणार. म्हणाले, "पाळकसाहेब, आठवडाभर सांगायचं होतं. तुम्ही पावडर फार घेता, म्हणून कढई चिकट राहते." आणि असे हसले की मला त्यांची माय दिसली त्यांच्यात.

पण तू आनंदून जाऊ नको. संध्याकाळी खोलीत एकटा बसून पाहिलं. पुन्हा नाही. गोंगाटात, एका बाईच्या कानाशी, ते आलं. रविवारी मंडळी शांत बसून माझ्या तोंडाकडं बघेल तेव्हा काय? एकोणीस तारीख आहे तिथंच आहे.

तिळाचे लाडू झुंबरबाईला अर्धे दिले.

तुझा,
साहेबराव


मंठा
रविवार, १२ जानेवारी

साहेब्या,
जयभीम.

चिठ्ठी वाचली. दुकान बंद करून वाचली. प्रियदर्शनी म्हणली, आजोबा रडून राह्यले का? मी म्हणलं, सुई टोचली.

आता मी काय सांगतो ते बसून वाच. केशरबाई हवापालटाला गेली न्हाई. तू निघायच्या आदल्या दिवशी तिला जालन्याच्या दवाखान्यात नेल्तं. डॉक्टरनं सांगितलं घरी न्या, आता उपाय न्हाई. म्हणून पोरगी तिला केदारखेड्याला घेऊन गेली. मला तू जायच्या आधीच समजल्तं. तुला सांगितलं असतं तर तू गेलाच नसता, आन तिच्यापुढं मुका उभा राह्यला असता, आन तिथंच पाळकी सोडून आला असता. म्हणून लपवलं. चूक असंल तर आल्यावर शिव्या दे, डाव्या कानात.

भागवत तिचा भाचा हाय हे माझ्या ध्यानातच न्हवतं. तो परवा तिकडं गेला, पुस्तक घेऊन. परार्थना वाचायला लागला तर म्हातारी म्हणली, "पुस्तक मिट बाबा. साहेबरावांला बोलव." हा म्हणला, मावशे, त्यांच्या तोंडून निघत न्हाई आता. तर म्हणली, "मंग येऊन गप बसतील. माझ्या गुडघ्याला अर्धीच मिळालीय, उरलेली त्यांच्यापाशी हाय." आज भागवत माझ्या दुकानात आला आन कानात वरडायचं सोडून पाटीवर खडूनं लिहून दाखवलं: पाळकसाहेबांना पाठवा. ज्यानं तुझं नेट गेलं म्हणलं तो खडू धरून उभा होता, आन त्याच्या नाकातून पाणी येऊन राह्यलं होतं.

तू म्हणतो रविवारी मंडळी शांत बसून बघंल तेव्हा काय. मला रविवारचं ठाऊक न्हाई. मी टेलर माणूस, आख्ख्या ताग्याकडं बघत न्हाई, समोरच्या माणसाचं माप घेतो. एक म्हातारी हाय, तिचं माप घे.

उद्या सकाळी मठातून मंठ्याला येऊ नको. तसाच घनसावंगीवरून जालना, जालन्यावरून भोकरदनची बस धर आन केदारखेड्याला उतर. रखमाजी मांडव उतरवायला येतोय, त्याच्याजवळ जाडं स्वेटर पाठवलं. तिकडं थंडी हाय.

भुजंग


केदारखेडा
बुधवार, १५ जानेवारी

प्रिय भुजंगा,
सलाम.

शिव्या नंतर देईन. स्वेटर घातलंय.

परवा दुपारी पोचलो. केशरबाईंची पोरगी प्रीती दारात उभी होती, तिनं पाय धुवायला पाणी दिलं. आतली खोली लहान, एक खाट, खाटेखाली मांजर. इतकी शांत खोली की मांजराचं घोरणं ऐकू येत होतं. मठात मला जी हवी होती ती शांतता इथं होती आणि मला तिचीच भीती वाटत होती.

केशरबाई म्हणजे आता नुसती गोधडी आणि दोन डोळे. मी खाटेपाशी बसलो. म्हटलं, "गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याचं सोडा आता," म्हणाल्या, "त्याचं काम संपलं. बाकीच्याचं बघा."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि पहिल्यांदा काहीच झालं नाही. नाही झालं. त्या वाट बघत होत्या. मलाही घाई नव्हती, एवढं मात्र मठात शिकलो. त्यांची बोटं गार होती म्हणून मी ती चोळायला लागलो आणि चोळता चोळता म्हटलं, "बापा, बोटं गार पडलीत यांची." बस, तिथून सुरू झालं. फार चांगली प्रार्थना नव्हती ती, भुजंगा. वाक्यं मोडकी. दोनदा थांबलो. थांबलो की केशरबाई नुसतं "हं" म्हणायच्या, गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखं, आणि मी पुढं जायचो. पोरीचं नाव घेतलं, भागवतचं घेतलं, त्यांच्या मालकांचं घेतलं. शेवंताचं घेतलं तेव्हा केशरबाईंनीच मधे सांगितलं, "तिला म्हणावं, गाणं काढून ठेव, मी येऊन राह्यले." त्यानंतर मी आमेन म्हटलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. प्रीतीनं चहा दिला. तो गार होईपर्यंत मला कप उचलता आला नाही.

काल दिवसातून तीनदा मागितली त्यांनी. आज सकाळी पुन्हा. प्रत्येक वेळी मला वाटतं, आता नाही येणार. आणि प्रत्येक वेळी थोडीशी येते, तेवढ्यापुरती. बहुतेक यापुढं अशीच येणार. पूर्वीसारखी धो धो नाही. मला चालेल.

एकोणीसचं कमिटीला असं सांग. मी त्या रविवारी मंठ्यात असेन की इथं, ते केशरबाईंवर आहे. असलो तर उभा राहीन. अडलो तर मंडळीला म्हणेन, थांबा, येतंय. नसलो तर भागवतला पुस्तक वाचू दे, चांगलं वाचतो तो, हेही त्याला सांग. किल्ली मी देत नाही. आणि पेटी उघडायला लाव कोणाला तरी. गाणं कसंही उचलू देत, उंच जाऊ दे, खाली पडू दे. तू फळीवर हात ठेवून बस आणि मला कळव कसं लागलं ते.

आत्ता प्रीती विचारून गेली, "पाळकबाबा, किती दिवस राहाल? राग मानू नका, गाद्या बघाव्या लागतील." मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. मला वाटलं केशरबाई झोपल्यात. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "राहू दे त्यांला. त्यांलाबी बरं वाटून राह्यलंय."

तुझा,
साहेबराव